बोपाची हरवलेली वर्षं

गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

एखादी बाई बेचाळीस वर्षं रोज कामावर जाते आणि सरकारच्या नोंदीत ती वर्षं सापडत नाहीत, तर मग ती गेली कुठे? हा प्रश्न आज लिन्वा बोपाने मला विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. समाजशास्त्राची प्रथम श्रेणीतली पदवी आहे माझ्याकडे. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. ती पदवी आईने दिवाणखान्यात अशी टांगली आहे, की टीव्ही बघणाऱ्याला तिच्याकडेही बघावंच लागतं. तरी उत्तर आलं नाही.

दर गुरुवारी आमच्या वेल्श दरीतल्या लायब्ररीत सल्ल्याचं टेबल असतं. तिथे हँडेल रीस बसतात आणि शेजारी मी. हँडेल कर खात्यात अडतीस वर्षं होते आणि आता लोकांना फुकट सल्ला देतात. मी जुलैपासून त्यांच्या हाताखाली शिकते आहे. कायमची नोकरी मिळेपर्यंत समाजाच्या काही तरी उपयोगी पडावं, असं मी ठरवलं आहे.

बोपा शाळेतून थेट आली, अंगात अजून एप्रन. ती आईची थोरली बहीण, आमच्या शेजारच्याच घरात राहते. फेब्रुवारीत तिला सहासष्ट पुरी होतात, म्हणून पेन्शनचं पत्र घेऊन आली होती. हँडेलनी ते दोनदा वाचलं.

"लिन्वा, तुमची सात वर्षं धरली आहेत."

"सात? आणि बाकीची?"

"सातच. कपड्यांच्या कारखान्यातली. कमीत कमी दहा लागतात. दहाच्या आत काहीच मिळत नाही."

"अहो, कारखाना बंद पडल्यापासून एक दिवस घरी बसले नाही मी! शाळेत जेवणाच्या सुटीत पोरं सांभाळते, रग्बी क्लब झाडते, बिंगोच्या हॉलात चहा विकते. तीन ठिकाणी दहा-दहा तास. तीस झाले की नाही?"

"त्यांच्या हिशेबी नाही. प्रत्येक मालक वेगळा धरतात. पगाराची एक रेषा असते, ती एका ठिकाणी तरी ओलांडावी लागते. तुमच्या तिन्ही नोकऱ्या रेषेच्या खाली आहेत."

यावर बोपा चक्क खूश झाली. "असणारच! मीच ठेवायला लावल्या. सगळ्या मालकांना पहिल्या दिवशी सांगितलं, मला रेषेखाली ठेवा, पगारातून कापाकापी नको. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका तसंच करतात. त्यांना हे मीच शिकवलं."

हँडेलनी चष्मा काढला आणि टायने पुसला. रेषेच्या थोडं वर गेलं तरी काहीच कापलं जात नाही, हे त्यांनी फार हळू सांगितलं. कापाकापी बरीच वर सुरू होते. मधल्या पट्ट्यात माणूस एक पेनी भरत नाही आणि वर्ष मात्र धरलं जातं.

"किती वर जायला हवं होतं?" बोपाने विचारलं.

"आजच्या दराने, एका ठिकाणी आठवड्याला पाव तास."

बोपाने पत्राची घडी घालून ती एप्रनच्या खिशात कोंबली. मग म्हणाली, "पाव तास तर मी त्या क्लबात ट्रॉफ्यांशी बोलण्यात घालवते."

हँडेल हसले नाहीत. त्यांनी तिच्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला. हा डबा ते फक्त गुरुवारी आणतात आणि मला त्यातलं एकही बिस्किट कधी मिळालेलं नाही.


शुक्रवार, ५ सप्टेंबर

अन्याय कळल्यावर स्वस्थ बसायचं नाही, हे माझं तत्त्व आहे. सकाळीच क्लबात गेले. सेक्रेटरी डिलविन बारमागे पिंपं मोजत होता. मी त्याला श्रमाचं अदृश्यीकरण या विषयावर दहा मिनिटं समजावलं.

"म्हणजे लिन्वाला पाव तास वाढवून हवाय?" तो म्हणाला.

"थोडक्यात, हो."

"अगं, मग अर्धा घे ना. ती आली की तसंही आम्ही सगळे पाय वर करून बसतो. बोलायची हिंमत कुणाची आहे?"

इतक्या सहज! समाज बदलता येतो. फक्त कुणी तरी जाऊन विचारावं लागतं.


गुरुवार, ११ सप्टेंबर

काहीही बदललेलं नाही. हँडेल म्हणाले की ज्या वर्षात माणूस पेन्शनच्या वयाला पोचतो ते वर्ष धरतच नाहीत. बोपाने आता क्लबात रोज आठ तास झाडू मारला तरी उपयोग नाही. मागची वर्षं विकत घेता येतात, पण हे ऐकून बोपा उसळली.

"ज्या वर्षांत मी राबले, तीच मी विकत घेऊ? माझीच?"

गरजूंसाठी वेगळी मदत असते, तीही हँडेलनी सुचवली.

"मी गरजू नाही," बोपा म्हणाली, "मी कामावर आहे." आणि बिंगोला निघून गेली.

ती गेल्यावर हँडेल किती तरी वेळ दाराकडे बघत बसले. दार नीट लागलं नव्हतं म्हणून असेल. मग त्यांनी एकदम विचारलं, "हिने कधी नात्यातलं मूल सांभाळलंय का? दोन हजार अकराच्या एप्रिलनंतर? बारा वर्षांच्या आतलं?"

"मला," मी म्हणाले.

तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. मुलाच्या भत्त्याबरोबर आईच्या नावावर विम्याचं, म्हणजे पेन्शनच्या वर्षाचं, क्रेडिट जमा होतं. आई स्वतः नोकरी करत असेल तर तिचं वर्ष पगारातूनच भरतं आणि ते क्रेडिट नुसतं पडून राहतं. आई कामावर असताना ज्या नातेवाइकाने मूल सांभाळलं त्याला ते देता येतं. आजी, आजोबा, मावशी, कुणालाही. आणि जुन्या वर्षांचंही मागता येतं.

आई बस चालवते, पूर्ण वेळ, मी नऊ महिन्यांची असल्यापासून. मला बारा पुरी झाली ती २०१५च्या मे महिन्यात. म्हणजे दोन हजार अकरा ते पंधरा, पुरी चार वर्षं. सात आणि चार अकरा!

मी हँडेलना मिठी मारली. ते म्हणाले, "टाय, टाय." (गुरुवारी ते नवा टाय घालतात.)

फॉर्म लगेच भरायला घेतला. नात्याच्या रकान्यात मी 'बोपा' लिहिलं. हँडेलनी ते खोडायला लावलं. "आपल्या दरीबाहेर बोपा कुणाला कळायची नाही. मावशी लिही. आणि शेवटच्या पानावर दोन सह्या. एक लिन्वाची, एक तुझ्या आईची, एव्हरिलची. तिने लिहून द्यायचं, की होय, माझी मुलगी हिने सांभाळली."

मी परत खुर्चीत बसले.

आई आणि बोपा नऊ वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत.


शुक्रवार, १२ सप्टेंबर

या भांडणाचं कारण हॅम आहे. मला लिहितानाही लाज वाटते, पण आहे ते आहे. आजी गेली तेव्हा चॅपलच्या खोलीत मातीनंतरचं जेवण होतं. आमच्याकडे माणसाला हॅम वाढून पोचवतात. घरी उकडलेला, जाड कापलेला. जेवणाचं बोपाकडे होतं आणि तिने डब्यातल्या सामन माशाची सँडविचेस ठेवली. आई हातातलं ताट खाली ठेवून निघून गेली. तेव्हापासून दोघींच्या अंगणांमधल्या भिंतीवरून शब्द जात नाही. जे काही जातं ते माझ्यामार्फत. 'तुझ्या मावशीला सांग, तिचा पाइप गळतोय.' 'तुझ्या आईला सांग, मला डोळे आहेत.'

दोन प्रौढ, कष्टकरी स्त्रिया. एका डुकराच्या मांडीवरून.


रविवार, १४ सप्टेंबर

जेवताना विषय काढला. आधी टिपणं काढून ठेवली होती. स्त्रियांच्या घरातल्या श्रमाला राज्यसंस्था कशी मोजत नाही, इथून सुरुवात केली आणि तीन मुद्द्यांनंतर फॉर्मवर आले. यात तुझं काहीच जात नाही, हेही सांगितलं.

आई बटाटे वाढत होती. "ग्रेव्ही घे."

"आई, मी महत्त्वाचं बोलतेय."

"मी पण. थंड होईल."

"तू फक्त सही करायची आहेस."

"कुठल्या कागदावर?"

मी दाखवला. आईने लांब धरून वाचला, चष्मा लावून वाचला. मग घडी घालून परत दिला. "पाय डुगडुगतोय टेबलाचा," ती म्हणाली, "त्याला लाव."


मंगळवार, १६ सप्टेंबर

एक छान गोष्ट. आज लवकर जाग आली तर दिसलं, की बोपाचे कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला लावून ठेवले होते. बोपाची कंबर धरते, तिला ते ओढवत नाहीत. विचारलं तर म्हणाली, "वर्षं झाली, कोणी तरी ठेवतं बाई. पहाटे." कोणाला माहीत नाही. माणसं वाटतात तेवढी स्वार्थी नसतात, यावर एक लेख लिहायला हवा. आईला सांगावं म्हटलं, पण ती पहिली बस काढायला चारलाच गेली होती.


शुक्रवार, १९ सप्टेंबर

नवा फॉर्म चहाच्या किटलीखाली ठेवला होता, दिसेल अशा बेताने. संध्याकाळी पाहिलं तर त्यावर गोल डाग. उकळत्या सूपचं पातेलं त्यावर ठेवलं होतं.

"टेबल जळलं असतं," आई म्हणाली.

हँडेलकडे तिसरा फॉर्म मागितला. ते म्हणाले, "सहीची नक्कल वगैरे डोक्यात आणू नकोस हं."

माझ्या डोक्यात ते आलं होतं. दोन दिवस होतं. आईची सही सोपी आहे, नुसता एक फराटा. इथे खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते, मी पाकिटाच्या मागे तीनदा गिरवून पाहिली आणि मग पाकीट चुलीत घातलं. चांगल्या कामासाठी खोटं करणारी माणसं मी पदवीच्या प्रबंधात सोलून काढली आहेत.


बुधवार, २४ सप्टेंबर

आज आईच्या बसमध्ये बसले. तिथे तिला ग्रेव्ही वाढता येत नाही. पण पहिल्याच सीटवर बसून तोंड उघडलं तर आईने मान न वळवता डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं: बस चालू असताना चालकाशी बोलू नये.

एकूण तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत आमच्या गल्लीच्या थांब्यावर आई उगीचच दोन मिनिटं थांबून राहिली. मागचे लोक कुरकुरायला लागले. मीही घड्याळ पाहिलं. सार्वजनिक वाहतुकीत शिस्त नको का? तेवढ्यात कोपऱ्यावरून बोपा बिंगोला जायला धापा टाकत आली, पास दाखवला, डावीकडे बघत चढली. आई उजवीकडे बघत होती. बरं झालं, नशिबाने तिची बस चुकली नाही.

तिसऱ्या फेरीत शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद झालं. दहा मिनिटांची सुटी. आईने थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि मला दिला.

"बोल."

"आई, एका हॅमसाठी तू तिची पेन्शन—"

"हॅम!" आई म्हणाली. "गल्ली म्हणते हॅम, म्हणून तूही हॅम. एवढी शिकलीस गं." ती समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली. तिथे नुसती मेंढरं होती. "त्या दिवशी सगळं चॅपल तिच्याभोवती गोळा झालं होतं. पाद्रीबुवा तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, लिन्वा, पोरीला किती छान वाढवलंत. मी मागेच उभी होते, हातात ताट घेऊन. आणि ती काय म्हणाली माहितेय?"

"काय?"

"थँक्यू."

मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. पण तेवढंच होतं.

"थँक्यू म्हणाली. अरे, माझी पोर! चारला उठून बाहेर पडायचे मी, तू झोपलेली असायचीस. हौस होती का मला? तुझा बाप स्विंडनला जाऊन त्या केस कापणारीबरोबर राहतोय, तर भाडं कोण भरणार होतं? आणि आता तुझं सरकार म्हणतं, लिहून दे, कुणी वाढवली. म्हणजे ते थँक्यू मी माझ्या हाताने लिहून द्यायचं."

मी एक घोट घेतला. चहा फार गोड होता. मी लहान असताना ती मला द्यायची तसा.

मग आईने इंजिन सुरू केलं आणि पुन्हा पाटीकडे बोट केलं.


गुरुवार, २५ सप्टेंबर

हँडेलना सगळं सांगितलं. ते बराच वेळ टाचण्या ओळीत लावत होते. म्हणाले, "कायद्यात 'सांभाळली' आहे, 'वाढवली' नाही."

"आईला ते एकच वाटतं."

"तुला काय वाटतं?"

मला माहीत नाही. बोपाने मला शाळेत सोडलं, केसातल्या उवा काढल्या, सातचा पाढा पाठ करून घेतला. पण झोपेत कुणी तरी पहाटे येऊन माझं पांघरूण सारखं करायचं आणि त्या हाताला डिझेलचा वास यायचा. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मी याविषयी मंत्र्यांना पत्र लिहायला घेतलं होतं, तेही फाडून टाकलं. दोष फॉर्मचा आहे असं लिहून मोकळी झाले असते. पण आईपुढे फॉर्म नाचवताना तिला विचारायचं मलाच सुचलं नव्हतं.

आई सही करणार नाही, हे बोपाला सांगावं लागेल. पाच महिने उरलेत. मग तिला तीन नोकऱ्या सत्तरीपर्यंत कराव्या लागतील, आणि कंबर तर आत्ताच धरते.

माझ्याने सांगवेना. हँडेल म्हणाले, "मी सांगतो हवं तर. तसाही त्या बाजूला जाणारच आहे." त्यांचं घर नेमकं उलट्या बाजूला आहे, पण चालणं तब्येतीला चांगलं.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण अजून नीट विश्वास बसत नाही.

साडेतीनच्या सुमारास बोपाने हाक मारली. मी तिच्या स्वयंपाकघरात जायला लागले तर म्हणाली, "आत कोंदट आहे. अंगणात बोलू." बाहेर भुरभुर पाऊस. पण तिला हवा आवडते. आम्ही भिंतीला अगदी लागून उभ्या राहिलो. तिला अलीकडे कमी ऐकू येतं की काय कोण जाणे, पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत होती.

"मेरेरिड, हँडेलने मला सांगितलं सगळं! राहू दे तो फॉर्म!"

"पण बोपा, तुझी वर्षं—"

"नकोत मला! एव्हरिलची पोर ती एव्हरिलची पोर! मी काय केलं? दार उघडं ठेवायचे, चार घास घालायचे! बिचारी एव्हरिल किती दमून यायची! तिच्याकडून मी काही घेणार नाही! मी मोठ्या मनाने सोडून दिलं म्हणून सांग तिला!"

माझे डोळे भरून आले. इतकी निःस्वार्थी बाई! मी काही म्हणणार तोच भिंतीपलीकडून चिमट्यांचा डबा आपटल्याचा आवाज झाला. आई तिकडे कपडे वाळत घालत होती. पावसात.

"आणखी एक सांग!" बोपा म्हणाली. "मी तिला माफ केलं!"

मागचं दार धाडकन वाजलं. मी धावत घरी आले तर आई टेबलाशी उभी, हातात ओला टॉवेल.

"पेन आण."

"आई, तू ऐकलंस का? ती किती—"

"पेन आण म्हणते ना! मोठ्या मनाने सोडलं! मला माफ केलं! तिने! मला! लहान असल्यापासून पाहतेय हा मोठेपणा. केकचा मोठा तुकडा मला द्यायची आणि मग सगळ्यांना सांगत फिरायची. दे इकडे. चार वर्षं ना? घे म्हणावं चार वर्षं. सांग तिला, मी दिली. मागितली नसताना दिली. आता बघू कोणाचं मन मोठं."

सही इतकी जोरात केली की खाली टेबलावर उमटली.

न्यायाची भावना माणसात कुठे तरी असतेच, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. रविवारचे माझे तीन मुद्दे वाया गेले नाहीत.

मी फॉर्म उचलला तेव्हा आई जरा निवळली होती. म्हणाली, "सोमवारपर्यंत टाकू नकोस हं. शांत डोक्याने एकदा वाचते. वचन दे." मी वचन दिलं.

मग सहीसाठी बोपाकडे गेले. तिचा चष्मा टेबलावर, शेजारी दोन कप आणि गरम वेल्श केकची ताटली. मला काही सांगावंच लागलं नाही.

"काळ्या शाईचं पेन लागतं ना?" तिने विचारलं. "हँडेल म्हणत होता." तिच्या खिशात काळ्या शाईचं नवंकोरं पेन होतं. सही करताना ती गुणगुणत होती. त्यागाने माणसाला किती समाधान मिळतं, हे मी आज पाहिलं.

तिसरा कप मोरीत ओला पडला होता. विचारलं नाही.


रविवार, ५ ऑक्टोबर

हे मी जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसून लिहिते आहे. खाली स्वयंपाकघरात दोघी आहेत.

सकाळी चॅपल सुटल्यावर पुढचं दार वाजलं. उघडलं तर टोपी घातलेली बोपा. नऊ वर्षांत तिने या दाराला हात लावला नव्हता. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "मेरेरिड, तुझ्या आईला सांग, तो फॉर्म परत हवाय."

आई आतूनच ओरडली, "तिला सांग, मलाही हवाय!"

मग मी सांगायची वाट कुणीच पाहिली नाही.

"सात आणि तीन दहा होतात," बोपा आत येत म्हणाली. "मला दहाच लागतात. चौथं वर्ष तुझं तुला परत घे. मी उगाच नाही घेणार."

"परत? मी दिलेलं परत करतेस? मी तर वाढवणार आहे! त्या फॉर्मवर नुसतं अकरापासून आहे. पोर नऊ महिन्यांची होती तेव्हापासून तुझ्याकडे होती, मी सगळं लिहिणार!"

"अकराच्या आधीचं चालत नाही," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

"सगळं कसलं? शनिवार-रविवार तुझेच होते! आंघोळ तूच घालायचीस. ताप आला की पोर माझ्याकडे राहायची तरी का? आई, आई करून घर डोक्यावर घ्यायची."

आई थांबली. "कधी?"

"नेहमी. तुला कोण सांगणार? तू बसवर. उगाच जिवाला घोर."

"मग त्या दिवशी पाद्रीला का नाही सांगितलंस?"

बोपाने टोपी काढली. केस चपटे झाले होते. "तोंडात सामन होता गं. जे निघालं ते निघालं. मागाहून तुझ्याकडे बघितलं तर तू नव्हतीस."

मला वाटलं आता दोघी रडतील. पण आई म्हणाली, "डब्यातला सामन," आणि बोपा म्हणाली, "हॅमवाल्याने ऐन वेळी दगा दिला, मी काय डुक्कर पाळायचं होतं?" आणि दोघी फॉर्म शोधायला लागल्या.

गेला दीड तास त्या शोधताहेत. आधी ड्रॉवर, मग पदवीच्या फ्रेमची मागची बाजू, मग पिठाचा डबा. हे वर्ष कुणाचं, ते वर्ष कुणाचं, असं चाललंय. नाताळचं नाटक कुणी पाहिलं, दात कुणाच्या घरी पडला, कांजण्या कुणी काढल्या. कांजण्यांवर अजून एकमत नाही. मधेच आईने किटली ठेवली आणि बोपाला न विचारता दोन चमचे साखर घातली. मीही थोडा वेळ त्यांच्याबरोबर शोधलं. सोफ्याच्या उशा उचलल्या, गालिच्याखाली पाहिलं, "इथे तर नाही," असं दोनदा म्हणाले. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, पण त्या दोघींना माझ्याकडे बघायला वेळ नव्हता.

आत्ता बोपाची हाक आली, "मेर, माळा बघितलास का?" आणि आई म्हणाली, "तिला काय विचारतेस, चल, शिडी मी धरते."

मी दिलेलं वचन आजवर कधी मोडलेलं नाही. पण दोन सह्या एका कागदावर पाहिल्या आणि सोमवारपर्यंत या घरात काय काय होऊ शकतं, याचा मी विचार केला. फॉर्म काल दुपारी बाराच्या टपालाला गेला. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज ऐकूनच मी घरी आले.